पियानो न येणाऱ्या आईबाबांनी घरी काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी सात वर्षांची, दुसरीत. दादरला वन बीएचके. चार महिन्यांपासून आठवड्यातून एकदा अर्ध्या तासाचा पियानोचा क्लास. घरी ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आहे, तो डायनिंग टेबलावर ठेवलेला असतो. आईबाबांना पियानोतलं ओ की ठो कळत नाही. आजी मात्र पेटी वाजवतात आणि नातीला कीबोर्डवर सा रे ग म च्या चिकटपट्ट्या लावून देतात. सुरुवातीचा उत्साह ओसरलाय, सरावाला बस म्हटलं की रडारड होते. आईबाबांनी नक्की काय करायचं, आणि मोठा पियानो आत्ताच घ्यायचा का?

तुम्हाला पियानो येत नाही हा इथे अडथळाच नाही. ज्यांना थोडंफार येतं असे पालक उलट जास्त घोळ घालतात, कारण ते मुलाशेजारी बसून घरी दुसरा क्लास सुरू करतात. शिकवणं टीचरकडे राहू द्या. वाद्य कसं आहे, बसायची उंची किती, सराव कोणत्या वेळी आणि कोणत्या पद्धतीने होतो, हे मात्र तुमच्याच घरात ठरतं. सातव्या वर्षीची रडारड बहुतेक वेळा यातल्याच कशात तरी अडकलेली असते. तुमच्याकडे मला पहिला संशय त्या डायनिंग टेबलाचा येतो.

डायनिंग टेबल जमिनीपासून साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतं. त्यावर कीबोर्ड ठेवला की पट्ट्या ८५ च्या आसपास जातात. खऱ्या पियानोच्या पट्ट्या असतात ७२-७३ सेंटिमीटरवर. म्हणजे मुलगी चार-पाच इंच जास्तीचे हात उचलून वाजवतेय. खांदे कानाकडे जातात, मनगट खाली लोंबतं, बोटाचं टोकाचं पेर आत मोडतं आणि दहा मिनिटांत हात भरून येतात. एवढं मूल खांदे दुखतात असं सांगत नाही, कंटाळा आला म्हणतं.

तेव्हा आधी स्टँड घ्या आणि टेप लावून उंची मोजा, अंदाजाने नको. पांढऱ्या पट्टीची वरची बाजू जमिनीपासून ७२-७३ सेंटिमीटरवर यायला हवी. एका फुलीचा स्वस्त स्टँड डुगडुगतो आणि गुडघे त्यात अडतात. दुहेरी फुलीचा किंवा चार पायांचा टेबलासारखा स्टँड बरा. मग खुर्ची. मूल ताठ बसून दंड सैल सोडेल तेव्हा कोपर पट्ट्यांच्या पातळीत किंवा किंचित वर यावं. सात वर्षांच्या मुलासाठी यासाठी बैठक साधारण ५५ ते ५८ सेंटिमीटर उंच लागते आणि आपली जेवणाची खुर्ची असते ४५ ची. मधलं अंतर भरायला उशी घेऊ नका, ती दबते आणि मूल एका कुशीवर कलतं. खुर्चीवर लाकडी पाट आणि त्यावर घट्ट घडी केलेली सतरंजी ठेवली की काम होतं. पुढे उंची कमी-जास्त करता येणारा बेंच घेतलात तर उत्तम, पण घेण्याआधी तो वर किती जातो ते बघा. बरेच बेंच मोठ्यांच्या मापाचे असतात.

एवढं केलं की पाय अधांतरी लटकतात, आणि ही गोष्ट बहुतेक घरांत राहून जाते. पाय टेकलेले नसतील तर मूल तोल सांभाळायला पोट आणि खांदे आवळतं आणि बोटं मोकळी होत नाहीत. पायाखाली २३-२५ सेंटिमीटरचं काहीतरी ठेवा: चौरंग, किंवा बाथरूममधलं प्लास्टिकचं बुटकं स्टूल. पूर्ण तळवा टेकला पाहिजे, नुसती बोटं नाहीत. बैठकीच्या पुढच्या अर्ध्या भागावरच बसवा, पाठ टेकू देऊ नका. अंतर बरोबर आहे का हे बघायला मुलीला मुठी वळून हात समोर सरळ करायला सांगा; मुठी पट्ट्यांच्या मागच्या उभ्या भागाला जेमतेम टेकल्या तर अंतर बरोबर. दर चार-सहा महिन्यांनी हे सगळं पुन्हा मोजा, कारण मूल वाढतं आणि सतरंजीची एक घडी कमी करावी लागते. आणखी एक बारीक गोष्ट: क्लासच्या आदल्या रात्री नखं कापा. नख वाढलं की पट्टीवर टकटक वाजतं, ते टाळायला मूल बोट आडवं ठेवतं आणि वळणच बिघडतं.

आता वाद्य. आधी हातातला कीबोर्ड तपासा. एकच पट्टी एकदा अलगद आणि एकदा जोरात दाबा. आवाज लहान-मोठा झाला तर कीबोर्ड टच सेन्सिटिव्ह आहे आणि पहिलं वर्षभर त्यावर भागेल. दोन्ही वेळा आवाज तेवढाच आला तर मेनूमध्ये टच रिस्पॉन्स बंद तर नाही ना ते पाहा. सोयच नसेल तर वाद्य लवकर बदलावं लागेल, कारण हळू आणि जोरात यातला फरक पियानोत पहिल्या धड्यापासून शिकवतात आणि घरी तो ऐकूच येणार नाही.

बदलाल तेव्हा ६१ वरून ७६ असा मधला टप्पा घेऊ नका, ते पैसे फुकट जातात. सरळ ८८ पट्ट्यांचा, हॅमर अ‍ॅक्शनचा डिजिटल पियानो घ्या. त्याच्या पट्ट्यांना खऱ्या पियानोसारखं वजन असतं, डावीकडे जड आणि उजवीकडे हलकं. खऱ्या पियानोची पट्टी खाली जायला साधारण ५० ग्रॅमचा भार लागतो आणि ती सुमारे एक सेंटिमीटर खाली जाते. हलक्या प्लास्टिक पट्ट्यांवर वाढलेलं मूल क्लासमधल्या पियानोवर बसलं की अर्धे सूर उमटतच नाहीत. 'घरी येत होतं' म्हणून ते रडवेलं होतं आणि घरच्यांना वाटतं बहाणा करतंय. यामाहा, कॅसिओ, रोलँड या कंपन्यांचे सुरुवातीचे डिजिटल पियानो साधारण ४० ते ५५ हजारांच्या घरात मिळतात, किंमती बदलत असतात. धोबीतलावच्या जेर महालमधलं फुर्टाडोज हे १८६५ पासूनचं दुकान आहे. तिथे किंवा दुसऱ्या कुठल्याही मोठ्या दुकानात मुलीला घेऊन जा आणि तिला स्वतःला वाजवून बघू द्या. ऑनलाइन फोटो बघून पट्टीचं वजन कळत नाही. जागेची काळजी वाटत असेल तर असा पियानो साधारण १३२ सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटरच्या आत खोल असतो, वजन अकरा-बारा किलो. हॉलमध्ये सोफ्यामागच्या भिंतीला लागून बसतो. खिडकीखाली मात्र ठेवू नका, पावसाची झड आत येते. पुसायला किंचित ओलसर सुती फडकं पुरे. काच पुसायचा फवारा किंवा सॅनिटायझर पट्ट्यांवर मारू नका.

सोबत मिळणारा चौकोनी प्लास्टिकचा पेडल जमिनीवर सरकत राहतो, तो तूर्त कपाटात ठेवा. पाय जमिनीला पोहोचत नाहीत तोवर पेडलचं काही काम नाही.

कुणा नातेवाइकाकडचा जुना लाकडी अपराइट पियानो फुकट मिळतोय, असाही मोह पडतो. तो २०० ते २५० किलोचा असतो, जुन्या इमारतीच्या लिफ्टमध्ये सहसा मावत नाही आणि जिन्यावरून न्यायला सराईत माणसं लागतात. मुंबईच्या हवेत त्याची निगाही सोपी नाही. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, सूर हलतो. खाऱ्या हवेने तारांना गंज चढतो. वर्षातून निदान दोनदा ट्यूनिंग लागतं, आणि खुंट्या ज्या लाकडात बसवलेल्या असतात तेच सैल झालं असेल तर ट्यूनिंग महिनाभरसुद्धा टिकत नाही. घ्यायचाच असेल तर होकार देण्यापूर्वी ट्यूनरला नेऊन खुंट्या तपासून घ्या. वन बीएचकेमध्ये, सात वर्षांच्या नवशिक्या मुलीसाठी, माझं मत आत्ता नको असंच आहे.

आजींची पेटी ही घरातली मोठी जमेची बाजू आहे, फक्त तिचा वापर बदलायला हवा. पेटीवर पट्टी अलगद दाबा की जोरात, आवाज भात्यावर ठरतो; शिवाय डावा हात भात्यातच गुंतलेला. पियानोत पट्टी किती वेगाने खाली गेली त्यावर हातोडी तारेवर किती जोरात बसणार हे ठरतं, आणि सूर एकदा वाजला की विरत जातो. म्हणून पेटीवर सराव करून पियानोचा हात बसत नाही.

चिकटपट्ट्यांचा घोटाळा वेगळा आहे. पेटीत सा सरकतो, कुणाचा काळी चारला, कुणाचा पांढरी एकला (सप्तकातल्या काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्या वेगवेगळ्या डावीकडून मोजतात). पियानोच्या पुस्तकात पांढरी एक म्हणजे कायम सी. तिथे 'सा' चिकटवला आणि पुढे टीचरनी जी मेजरमधला, म्हणजे जी हा मुख्य सूर धरलेला तुकडा दिला की त्या चालीचा सा जातो पांढरी पाचवर आणि शुद्ध नी काळी तीनवर. आता आजी म्हणतात एक, पट्टीवर लिहिलंय दुसरं आणि पुस्तकात आहे तिसरंच. तेव्हा सगळ्या चिकटपट्ट्या काढा, ए-बी-सी-डीच्या असल्या तरी. त्या असतील तोवर मूल पट्टीवरचं अक्षर वाचतं, पुस्तकातला सूर वाचत नाही. खुणा म्हणून काळ्या पट्ट्या पुरतात: दोन काळ्यांच्या जोडीच्या लगेच डावीकडची पांढरी म्हणजे सी, तीन काळ्यांच्या गटाच्या लगेच डावीकडची म्हणजे एफ. आठवडाभर रोज एक मिनिट 'सगळे सी शोध, आता सगळे एफ शोध' असं खेळवलं की चिकटपट्ट्यांची आठवणही राहत नाही.

मग आजींनी काय करायचं? कान आणि ताल. नात वाजवत असताना टाळीने मात्रा धरायची. तुकडा चार-चारच्या मोजणीचा की तीन-तीनच्या, हे तिला ओळखायला लावायचं. दादरा अंगात असलेल्या माणसाला तीनची मोजणी शिकवावी लागत नाही. पेटीवर तीन-चार सुरांचा छोटा तुकडा वाजवून नातीला तो गाऊन दाखवायला सांगायचं. हा वेळकाढूपणा नाही. एबीआरएसएम या लंडनच्या संगीत परीक्षा मंडळाच्या पहिल्या ग्रेडच्या श्रवण चाचणीत जवळपास हेच विचारतात: मोजणी दोनची की तीनची, आणि ऐकलेला तुकडा लगेच गाऊन दाखव. मुंबईतली पुष्कळ मुलं नेमकी इथे अडखळतात, कारण घरी त्यांना गायला कुणी लावलेलंच नसतं.

सरावाची वेळ. सात वर्षांच्या मुलीला सलग अर्धा तास बसवू नका. दहा मिनिटं दोनदा, एवढं भरपूर आहे. वर्षभरात ते पंधरा मिनिटं दोनदा होईल, आणि तिसऱ्या ग्रेडच्या आसपास पाऊण तासाची गरज लागेल. रविवारी एकदम तासभर बसून आठवड्याची भरपाई होत नाही. बोटांची सवय रोजच्या थोड्या थोड्या वाजवण्याने बसते. वेळ घड्याळावर ठरवण्यापेक्षा रोज होणाऱ्या एखाद्या गोष्टीला जोडा: संध्याकाळचं दूध झालं की आणि खाली खेळायला जाण्याआधी. मुंबईत आईबाबा लोकलने घरी पोचतात आठला, जेवणं होतात नऊला, आणि मधल्या वेळात 'चल, पियानो' सुरू होतं. तेव्हा मूल पेंगत असतं आणि तुम्हीही दमलेले असता. पाचची बैठक आजींकडे सोपवा. तुम्ही घरी आल्यावर फक्त एक तुकडा ऐका, तोही सराव म्हणून नाही, श्रोते म्हणून.

पहिला सराव क्लास झाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी झालाच पाहिजे. टीचरनी सांगितलेलं अजून कानात असतं. बहुतेक घरांत उलटं घडतं: क्लासनंतर तीन दिवस काही नाही, मग क्लासच्या आदल्या रात्री पळापळ. पुढच्या क्लासचा निम्मा वेळ जुनंच पुन्हा सांगण्यात जातो आणि फी भरूनही मूल जागच्या जागी राहतं.

आता सर्वांत महत्त्वाचं, त्या दहा मिनिटांत नक्की काय होतं. देखरेख न केलेलं मूल सराव म्हणजे तुकडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवणं असं समजतं. अडखळलं की पुन्हा सुरुवातीपासून. सतरा सत्ते विचारल्यावरही सतराचा पाढा सतरा एके सतरापासून म्हणावा लागणाऱ्या मुलासारखं हे होतं: पहिले दोन बार (बार म्हणजे पुस्तकात दोन उभ्या रेघांमधला मात्रांचा एक गट) वीस वेळा वाजतात, शेवटचे दोन तीनदा, आणि अडखळण्याची जागा तशीच्या तशी पाठ होते. हो, चूकही पाठ होते. बोटाला ती चूक आहे हे माहीत नसतं.

समजा, आठ बारचा तुकडा आहे आणि मुलगी दर वेळी चौथ्या बारमध्ये थांबते. पेन्सिलीने तिसऱ्या बारच्या शेवटच्या मात्रेपासून पाचव्या बारच्या पहिल्या सुरापर्यंत कंस करा. पाचव्याचा पहिला सूर घ्यायचाच, कारण खरी अडचण बहुधा पुढच्या बारमध्ये शिरतानाच असते. आता एवढाच तुकडा, फक्त उजवा हात, हळू. मग फक्त डावा. मग दोन्ही हात एकत्र, निम्म्या वेगाने, तोंडाने मोजत. स्टँडवर डाव्या बाजूला तीन नाणी ठेवा. एकदा बरोबर वाजलं की एक नाणं उजवीकडे, चुकलं की सगळी परत डावीकडे. लागोपाठ तीनदा बरोबर आल्याशिवाय वेग वाढवायचा नाही. मग मोबाइलवरचा मेट्रोनोम लावा. न थांबता जमेल असा आकडा धरा, मिनिटाला ५० किंवा ६० ठोके, आणि चार-चारने वर न्या. शेवटी एक बार मागून सुरू करून एक बार पुढेपर्यंत वाजवायला लावा, म्हणजे दुरुस्त केलेला भाग बाकीच्या तुकड्याला जोडला जाईल. हे सगळं सहा-सात मिनिटांत होतं. त्या दिवशी पूर्ण तुकडा एकदाही वाजला नाही तरी चालेल.

तोंडाने मोजणं मुलांना नको असतं, पण ते सोडू नका. मोजणी मराठीत करा, एक-दोन-तीन-चार. उच्चारायला आखूड असल्याने ठोक्यावर नीट बसतात. अर्ध्या मात्रा आल्या की 'आणि' लांब होतं, त्याऐवजी 'एक नि दोन नि' म्हणा. मूल मोजता मोजता वाजवू शकत नसेल तर समजायचं की वेग जास्त आहे.

वाचता न येणाऱ्या पालकाला तीन गोष्टी तपासता येतात. पहिली, बोटांचे आकडे. पुस्तकात सुरांवर १ ते ५ आकडे छापलेले असतात. दोन्ही हातांत अंगठा म्हणजे १, करंगळी म्हणजे ५. छापलेलं बोट आणि वाजणारं बोट एकच आहे का एवढं बघायचं. आज तिसऱ्याऐवजी दुसरं बोट वापरलं तर बिघडत नाही असं वाटतं, पण चार सुरांनंतर बोटं संपतात आणि तिथेच हात अडकतो. सी मेजर स्केलमध्ये, म्हणजे सी पासून वरच्या सी पर्यंत ओळीने सूर वाजवताना, उजवा हात १-२-३ नंतर अंगठा खालून घेऊन १-२-३-४-५ जातो, डावा ५-४-३-२-१ नंतर तिसरं बोट अंगठ्यावरून घेऊन ३-२-१. एवढं एकदा बघून ठेवलंत की पहिल्या वर्षातल्या निम्म्या चुका तुम्हाला दिसतील. दुसरी, हाताचं वळण: मनगट पट्टीच्या खाली लोंबतंय का, पेर आत मोडतंय का. तिसरी, लांब सूर पूर्ण धरला जातोय का. दोन मात्रांचा सूर एका मात्रेत सोडून पुढे पळणं ही या वयातली नेहमीची चूक.

पण दिसलं की लगेच बोलू नका. तुकडा संपू द्या, आणि एका बैठकीत एकच गोष्ट सांगा. 'परत चुकलीस', 'नीट लक्ष दे' यातून काय करायचं हे मुलाला कळत नाही. 'इथे चार नंबरचं बोट लिहिलंय, बघ' हे कळतं. कौतुकही तसंच. 'छान छान' दोन आठवड्यांत बोथट होतं. 'आज डाव्या हाताचा आवाज कमी ठेवलास, त्यामुळे चाल ऐकू आली' हे मूल लक्षात ठेवतं आणि उद्या मुद्दाम पुन्हा करतं. शेजारच्या मुलीशी किंवा मामेभावाशी तुलना अर्थातच नको.

वीस मिनिटांतली शेवटची दोन-तीन मिनिटं तिची: हवं ते वाजवू दे. आरतीची चाल कानाने शोधेल, टीव्हीवरची जाहिरात शोधेल. त्यात बोटं चुकीची पडली तरी टोकू नका. आणि रोज दोन ओळी नवीन, अगदी सोप्या, आधी न पाहिलेल्या वाचायला लावा; त्यासाठी मागच्या पातळीचं जुनं पुस्तक चालतं. वाचन मागे पडलं की मूल प्रत्येक नवा तुकडा टीचरच्या बोटांकडे बघून पाठ करतं, आणि तुकडे लांब झाले की ही युक्ती संपते. यूट्यूबवरचे वरून पडणाऱ्या रंगीत पट्ट्यांचे व्हिडिओ याच कारणाने सांभाळून. गंमत म्हणून एखादा ठीक, पण त्यातून वाचन येत नाही आणि बोटांचे आकडेही नसतात.

शेजाऱ्यांसाठी हेडफोन घेणार असाल तर रात्रीपुरतेच. जॅक बहुधा जाड असतो, कन्व्हर्टर लागेल. दिवसा स्पीकरवर, आवाज निम्म्यावर ठेवून वाजवू द्या. फार कमी केला तर मूल ऐकू यावं म्हणून पट्ट्या बडवतं; हेडफोन लावले तर आजींना काही ऐकूच येत नाही.

टीचरशी संपर्क. आठ वर्षांपर्यंत एका पालकाने, किंवा आजींनी, क्लासमध्ये मागे बसावं, टीचरची हरकत नसेल तर. तिथे गप्प बसायचं, वहीत लिहायचं. 'पान १४ पाठ करणे' अशी नोंद घरी निरुपयोगी असते. 'पान १४, बार ५ ते ८, डावा हात एकटा, बोट २ वर लक्ष' अशी हवी. कळलं नाही तर क्लास संपताना विचारा, आणि टीचर अवघड जागा वाजवून दाखवतात तेव्हा तीस सेकंद मोबाइलवर रेकॉर्ड करायची परवानगी मागा. रोज रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवून 'बरोबर आहे का' विचारू नका. घरी काय झालं हे मात्र खरं सांगा. 'या आठवड्यात युनिट टेस्ट होती, दोनच दिवस वाजवलं' असं आधी सांगितलंत तर टीचर धडा त्याप्रमाणे बदलतात. नाही सांगितलं तर मुलाला येत नाही असा समज होतो.

परीक्षांचा विषय तुम्ही काढला नाही, पण वर्षभरात निघेलच, कारण मुंबईत 'कितवी ग्रेड?' हा प्रश्न सोसायटीच्या गेटवरसुद्धा विचारतात. इथे मुख्यतः ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या लंडनच्या दोन मंडळांच्या परीक्षा देतात. इनिशियल या पहिल्या ग्रेडच्या आधीच्या पायरीपासून आठव्या ग्रेडपर्यंत. एबीआरएसएमच्या प्रॅक्टिकलला एकूण १५० गुण, पास १०० ला. त्यात तीन तुकड्यांचे ९० आणि स्केल, पाहताक्षणी वाचन आणि श्रवण यांचे मिळून ६०. ट्रिनिटीत एकूण १००, पास ६० ला. तीन तुकड्यांचे ६६, तांत्रिक भागाचे १४, दोन पूरक चाचण्यांचे २०. एबीआरएसएममध्ये सहावी किंवा त्यापुढची ग्रेड देण्याआधी साधारणपणे पाचव्या ग्रेडची थिअरी, म्हणजे लेखी परीक्षा, पास व्हावी लागते, ट्रिनिटीत तशी अट नाही. पुस्तक मूळ घ्या, परीक्षेत झेरॉक्सवरून वाजवून चालत नाही.

दर वर्षी एक ग्रेड हा नियम कुणी केलेला नाही. तो पाळायला गेलं की काय होतं तर मूल दहा महिने तेच तीन तुकडे दळतं. वर्षाअखेर प्रमाणपत्र मिळतं आणि चौथा तुकडा वाजवता येत नाही. एक ग्रेड सोडून पुढची दिली तरी चालते. तुमच्या मुलीने पहिली दोन वर्षं परीक्षा दिली नाही आणि त्या काळात वीस-पंचवीस सोपे तुकडे वाजवले, तर ती पुढे जास्त वेगाने जाईल असं मी ठामपणे म्हणेन.

पाहुण्यांसमोर 'काकांना वाजवून दाखव' हे टाळणं आपल्याकडे कठीण, पण अर्धवट शिकलेला तुकडा कुणासमोर वाजवायला लावू नका. त्यासाठी एक जुना, पक्का झालेला, मिनिटभराचा तुकडा कायम तयार ठेवा, आठवड्यातून दोनदा वाजवून. ती नाही म्हणाली तर विषय तिथेच सोडा. ऐकायला मात्र घेऊन जा. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये पियानोचे कार्यक्रम होतात, २००६ मध्ये सुरू झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे सीझन तिथेच असतात. तिकीट काढताना लहान मुलांसाठी वयाची अट बघा, आणि जागा रंगमंचाकडे तोंड करून डाव्या बाजूची घ्या. पियानोवादकाची बोटं तिथून दिसतात.

सहामाही परीक्षा, गणपती, दिवाळी, मे महिन्यात गाव: सराव तुटणार हे धरूनच चाला. परीक्षेच्या आठवड्यात पाच मिनिटं, दोन जुने तुकडे, नवीन काही नाही. गावाहून परतल्यावर पहिले चार दिवस जुनंच वाजवू द्या आणि क्लासला एक आठवडा आधीच कळवून ठेवा की वाचन थोडं मागे गेलं असेल.

आणि 'मला नाही शिकायचं' आलं तर त्याच दिवशी निर्णय घेऊ नका. आधी टेप काढून खुर्ची मोजा, सरावाची वेळ बदला, तुकडा फार अवघड झालाय का ते टीचरना विचारा. चौथ्या-पाचव्या महिन्यात दोन्ही हात एकत्र येऊ लागतात आणि तिथे बहुतेक मुलं अडखळतात. टीचर आणि मुलीचं जमत नसेल तर टीचर बदलून बघा, वाद्य सोडण्याआधी. एवढं करून तीन महिन्यांनीही ती रोज रडत बसत असेल तर चालू तुकडा पूर्ण करून, टीचरना नीट सांगून थांबवा. डिजिटल पियानो लगेच विकू नका. नववीत-दहावीत स्वतःहून परत बसणारी मुलं पुष्कळ असतात.